पहिल्या रांगेतला पाहुणा

“वैजू, मी एक घोळ घालून बसलोय,” मगदूम सर म्हणाले आणि त्यांनी हातातलं व्हिजिटिंग कार्ड माझ्यासमोर धरलं.

मी हॉलच्या मागच्या कोपऱ्यात मायक्रोफोनसमोर बसून खडीसाखर चघळत होते. सकाळचा सिनेमा संपला होता, घसा बसत आला होता. कार्डाची एक बाजू इंग्रजीत होती, दुसरी रशियनमध्ये. मुंबईतल्या एका वकिलातीचं कार्ड. देशाचं नाव वाचलं आणि मी तोंडातली खडीसाखर तशीच गिळली.

त्या देशाचं नाव मी आजही लिहिणार नाही. सोव्हिएत युनियन फुटल्यावर जे तुकडे झाले त्यांतला एक, एवढं पुरे. माणसांची नावंही बदललीत. मगदूम सरांचं तेवढं तसंच ठेवलंय, कारण ते म्हणाले, “माझं कशाला बदलतीस? मी काय कुणाला घाबरतोय?”

“हे कुठे आहेत?” मी विचारलं.

“गेटवर. तुझी काकू त्यांना गूळ-पाणी देतीय.”

“पण तुम्ही बोलावलंत त्यांना?”

“महिन्यापूर्वी, निमंत्रणं काढली तेव्हा. युक्रेनवाल्यांना धाडलं, तसं ज्यांचे ज्यांचे सिनेमे हायत त्या सगळ्यांना धाडलं. लोकांच्या घरचं जेवण आपण वाढायचं आणि त्यांनाच पानावर बोलवायचं न्हाई, असं कसं चालंल? तेव्हा मला कुठं काय म्हाईत होतं गं?”

ते खरं होतं. तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं.

आमचं रसिक चित्रमंडळ म्हणजे मिरजेतली हौशी माणसं. दवाखान्यांतले डॉक्टर, कॉलेजातले प्राध्यापक, एक सतार बनवणारे, दोघीतिघी शिक्षिका. मगदूम सर सेक्रेटरी. कॉलेजात ते केमिस्ट्री शिकवायचे, आणि माझी त्या विषयातली प्रगती बघून त्यांनीच मला रशियन शिकायला पुण्याला पिटाळलं होतं. केरळातल्या एका महोत्सवात त्यांना सोलोमिया भेटली. कीव्हची. बारकी, घोगऱ्या आवाजाची, सारखी सिगारेट ओढणारी बाई. सरकारची परवानगी न मागता केलेले युक्रेनचे आणि आसपासच्या जुन्या सोव्हिएत देशांतले सिनेमे ती एका बॅगेत भरून गावोगाव दाखवत हिंडायची. सर तिला म्हणाले, आमच्याकडे या की एकदा. असं आपण सगळ्यांनाच म्हणतो. ही बाई खरंच आली.

मराठी सबटायटल्स करायला वेळ नव्हता. म्हणून मी अंधारात बसून, सोलोमियाने दिलेले रशियन संवाद हातात धरून, पडद्यावर चाललेलं मराठीत बोलायचं असं ठरलं. म्हातारा, तरणी पोर, फौजदार, सगळे माझ्याच आवाजात. मला ते हास्यास्पद वाटत होतं, पण सोलोमियाला भारी आनंद झाला. तिच्या लहानपणी त्यांच्याकडे परदेशी सिनेमे असेच दाखवायचे म्हणे, नाकात बोलणारा एकच पुरुष सगळ्यांचे संवाद म्हणायचा, बाईचं रडणंसुद्धा. शुक्रवारी पहिल्या दिवशी युक्रेनचे सिनेमे झाले. सायकलवरून टपाल वाटणारी खेड्यातली बाई, बंद पडलेल्या कोळसा खाणीतले लोक. मिरजकरांनी ते मन लावून बघितले आणि नंतर चहाच्या टेबलावर, “बाई शेवटी गाव सोडती का न्हाई ते सांगायलाच पाहिजे होतं,” यावर कडाक्याचं भांडण केलं. सोलोमिया खूश होती.

तिच्याबरोबर प्रोजेक्टर चालवायला एल्दार आला होता. उंच, अकाली पिकलेला, आमच्या उन्हातही स्वेटर न काढणारा. फार बोलायचा नाही. दोघं सरांकडेच उतरली होती. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, सरांकडे जैन रीतीप्रमाणे तसंच असतं, आणि सोलोमियाने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

“रविवारचा जो सिनेमा आहे,” ती मला म्हणाली, “त्याच्या सुरुवातीला कुणाचंच नाव येत नाही. तो याने केलाय. यांना सांग. घर त्यांचं आहे, त्यांना माहीत असायला हवं.”

एल्दारच्या देशात तांब्याची एक खाण होती. तिथे संप झाला आणि एका सकाळी संपातली माणसं गाडीत घालून नेली. ती परत आली नाहीत. मग त्यांच्या बायका, आया, खाणीच्या दारासमोर येऊन बसायला लागल्या. घोषणा नाहीत, फलक नाहीत, नुसतं बसणं. एल्दारने दोन हिवाळे लपूनछपून ते चित्रित केलं आणि डोंगरातून बाहेर पडला. त्याच्या सरकारला सिनेमा माहीत होता, करणारा माहीत नव्हता. आणि त्याची धाकटी बहीण नार्गिज अजून तिथेच होती. शाळेत शिकवत होती. तिचा व्हिसा आत्ताच हातात आला होता, मंगळवारी पहाटेचं विमान होतं.

“मंगळवारपर्यंत हा फक्त ऑपरेटर,” सोलोमिया म्हणाली. “याचं नाव आणि तो सिनेमा एका वाक्यात कुणी उच्चारायचा नाही.”

मी ते सरांना सांगितलं. सरांनी छातीवर हात ठेवला. “माझ्या तोंडून जायाचं न्हाई. सांग त्याला.”

एल्दारने आणखी एक सांगितलं. सिनेमात एके ठिकाणी त्याचा स्वतःचा आवाज होता. कॅमेऱ्यामागून तो एका म्हातारीला विचारतो, तुला भीती वाटते का, आजी? म्हातारी उत्तर देत नाही, बराच वेळ नुसती बघत राहते. दरवेळी तिथे तो स्वतःच मशीनवर बसतो आणि आवाज पार खाली करतो.

“कापून का नाही टाकलंत?” मी विचारलं.

“प्रश्नच नसेल तर ती गप्प राहिली हे कसं कळणार?” तो म्हणाला. “आणि कधीतरी सगळं संपेल. तेव्हा तो आवाज ऐकू यावा असं वाटतं.”

तर शनिवारी दुपारी ते कार्ड माझ्या हातात आलं तेव्हा परिस्थिती ही होती.

“परत पाठवा त्यांना,” सोलोमिया म्हणाली.

“दारात आलेल्या पाहुण्याला जा म्हणायचं?” सर कासावीस झाले. “आणि हाकलला तर त्याला संशय यायचा न्हाई का? काहीतरी झाकायलाय म्हणंल.”

ते बोलणं खोटं नव्हतं. शेवटी ठरलं की नेहमीसारखं वागायचं, एल्दारने पाहुण्यासमोर तोंड उघडायचं नाही, आणि सरांनी तर मुळीच नाही. सरांना खोटं बोलता येत नाही हे सगळ्या मिरजेला ठाऊक आहे.

फरीद साबिरोव गेटवर गूळ-पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून उभे होते. माझ्या डोक्यात जे चित्र तयार झालं होतं त्यातलं काही त्यांच्यात नव्हतं. पन्नाशीचे, टक्कल पडलेले, जरा सुटलेले, तपकिरी सूट, टायवर कसलातरी डाग. आवाज मऊ. इंग्रजी दोन-चार वाक्यांपुरतं. मी रशियनमध्ये बोलले तसा त्यांचा चेहरा उजळला.

“तुम्ही फार सुंदर बोलता,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं तीन दिवस मुक्याने काढावे लागणार.”

“तीन दिवस?”

“उद्यापर्यंतच. गंमत केली.”

गुंड असता तर सोपं गेलं असतं. हा माणूस सरांच्या दारात बूट काढून ते भिंतीला नीट जोडून ठेवत होता. जेवायला मांडी घालून बसला. काकूंच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडून वास घेतला आणि म्हणाला, “आमच्या आजीच्या घरात असा वास यायचा.” मला त्या घासाची किळस आली. आजीचं नाव काढून कुणी माझ्यासमोर भाकरी खाऊ नये असं वाटलं.

“तुमचा ऑपरेटर जेवायला नाही?” त्यांनी विचारलं.

मी ते सरांना सांगितलं. सरांनी हातातला घास परत ताटात ठेवला. “त्याचा... त्याचा उपास हाय,” ते म्हणाले आणि कानांपर्यंत लाल झाले.

मी भाषांतर केलं. साबिरोवनी मान डोलावली. तेवढ्यात आतून भांड्याचा आवाज आला, आणि मग काकूंचा. “घे की रे, लाजतोस काय? एवढा उंच माणूस आणि दोन भाकरींवर उठतोस होय!” आणि मागोमाग एक पुरुषी आवाज. एकच शब्द, त्याच्या भाषेतला. आभार मानायचा.

साबिरोव चावायचे थांबले. क्षणभरच. मग त्यांनी साराचा भुरका मारला आणि मला विचारलं, “हे कशाचं?”

“चिंचेचं सार,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

हात धुताना ते सहज म्हणाले, “उद्याचा सिनेमा कुणी केलाय?”

“सुरुवातीला नाव नाही.”

“हो, मी पाहिलाय.” ते पंचाला एकेक बोट पुसत होते. “बरेचदा पाहिलाय. कामाचा भाग म्हणून. चांगला सिनेमा आहे.”

मला भीती वाटली. साधी, लहान मुलाला अंधारात वाटते तशी. मी स्वयंपाकघरात जाऊन एल्दारला सांगितलं की त्यांनी तुमचा आवाज ऐकलाय. तो भाकरीकडे बघत राहिला. काकूंना शब्द कळत नव्हते पण बाकी सगळं कळत होतं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे रागाने बघितलं, जसं काही मीच त्या पाहुण्याला गाडीत घालून आणलं होतं.

रविवारी सकाळी हॉल भरला. साबिरोव पहिल्या रांगेत, मधोमध, त्यांचा ड्रायव्हर मागे दाराशी उभा. सरांनीच त्यांना तिथे बसवलं, कारण पाहुण्याला दुसरीकडे कुठे बसवतात हे त्यांना माहीतच नव्हतं. दिवे गेले.

मी बोलत होते. दारासमोरच्या बायका एकमेकींना चहा देत होत्या, त्यांचे संवाद मी म्हणत होते. “तुझ्या सुनेला दिवस गेलेत म्हणे.” “होय, सातवा लागला.” “पोराला कळवलंस?” “कुठं कळवू?” असे संवाद. बर्फ पडत होता, बायकांच्या खांद्यांवर साचत होता आणि त्या झटकत नव्हत्या.

म्हातारीचा प्रसंग जवळ आला तशी मी एल्दारकडे बघितलं. तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याचं बोट आवाजाच्या बटणावर होतं, पण डोळे पडद्यावर नव्हते. तो पहिल्या रांगेतल्या त्या टकलाकडे बघत होता. आणि बघत राहिला. प्रश्न सुरू झाला. “तुला भीती...” एवढं सगळ्या हॉलमध्ये ऐकू गेलं.

त्याच क्षणी साबिरोवना खोकल्याची उबळ आली. साधीसुधी नाही. ते पुढे वाकून, रुमाल तोंडाला लावून, खाकरत, घरघरत खोकत राहिले. मागच्या रांगेतून कुणीतरी “श्शू” केलं. एल्दारचं बोट तोवर खाली गेलं होतं. पडद्यावर म्हातारी गप्प बसली होती. खोकला थांबला.

ही खूण होती, असं मला वाटलं. सापडलास, असं सांगायची त्यांची रीत. मी पुढचे संवाद कसे म्हटले ते आठवत नाही.

सिनेमा संपल्यावर समारोप. आमच्या मंडळात समारोप म्हणजे मगदूम सरांचं आभारप्रदर्शन. ते मुख्य सिनेमापेक्षा लांबतं अशी लोक चेष्टा करतात, पण कुणी उठून जात नाही. सरांचा नियम आहे. पहिला मान ऑपरेटरचा. मशीन चालवणारा नसता तर तुम्ही आम्ही भिंत बघत बसलो असतो, असं ते दरवर्षी म्हणतात. मग शाल, श्रीफळ, फेटा. यंदा ऑपरेटरला वगळावं का यावर आम्ही सकाळी बोललो होतो. वगळलं तर सगळा हॉल विचारणार, अहो सर, ऑपरेटर राहिला की! म्हणून ठरलं की नाव न घेता, नुसतं ‘आपले ऑपरेटर’ म्हणून शाल घालायची आणि खाली उतरवायचं.

तसंच झालं. एल्दार मंचावर आला. सतारवाल्यांनी त्याला फेटा बांधला. एवढा उंच माणूस गुडघ्यात वाकून उभा राहिला तेव्हा लोक हसले, टाळ्या वाजल्या. सरांनी शाल घातली. नारळ हातात दिला. त्यांचे डोळे भरून आले होते. ते सिनेमाने भरून आले होते, त्या बायकांनी, आणि हा मुलगा आपल्याच घरात जेवतोय या विचाराने. भरून आलं की सर रुळावर चालतात. वर्षानुवर्षं जे म्हणत आलेत तेच म्हणतात.

“आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत अशी मी त्यांना विनंती करतो,” सर म्हणाले आणि त्यांनी माइक एल्दारच्या हातात दिला.

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं. मी त्यांचा चेहरा बघितला. एवढा मोठा माणूस क्षणात खचला. हात पुढे आला, माइक परत घ्यायला, पण मंचावर दिलेला माइक कुणी परत काढून घेत नाही.

लोक प्रेमाने वाट बघत होते. पाहुणा आहे, परका आहे, चार शब्द बोलेल, वैजयंती मराठीत सांगेल. एल्दार फेटा घालून, एका हातात नारळ, एका हातात माइक घेऊन उभा होता. समोर, मधोमध, साबिरोव. मी मंचाच्या पायरीवर होते. काहीतरी बोलावं, घसा बसलाय सांगावं, म्हणून मी एक पायरी वर चढले. एल्दारने तोंड उघडलं.

टाळी वाजली. एकट्याची. साबिरोव उभे राहिले होते आणि जोरजोरात टाळ्या वाजवत होते. मागच्यांना वाटलं पाहुणे मानवंदना देतायत, तेही उठले. मग सगळा हॉल उठला. त्या गदारोळात एल्दारने हात जोडले, माइक सरांना दिला आणि तो खाली उतरला. सोलोमियाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले.

“बघितलंस? खेळवतोय तो,” ती पुटपुटली. “उंदराला खेळवतात तसं.”

मलाही तसंच वाटलं.

साबिरोवची गाडी गेटबाहेर होती. निघताना त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला, काकूंचे हात हातात घेतले, सोलोमियाकडे बघून मान तुकवली. एल्दारकडे बघितलंच नाही. मग मला म्हणाले, “गेटपर्यंत याल?”

उन्हात आम्ही चाललो. झाडाखाली सायकली लावलेल्या होत्या. चालता चालता, समोर बघत, आवाज न बदलता ते म्हणाले, “तुमच्या ऑपरेटरना सांगा. मंगळवारचं विमान नको. वर संशय आहे, पुरावा नाही, तरी विमानतळावर त्यांच्या बहिणीचं नाव दिलेलं आहे. तिने आजच निघावं, रस्त्याने, दक्षिणेच्या सीमानाक्यावरून. तिथे बुधवारपर्यंत जो माणूस आहे तो तिला अडवणार नाही.”

माझे पाय थांबले.

“चालत राहा,” ते म्हणाले.

“तुम्ही... हे आम्हाला का सांगताय?”

“कारण सांगितलं तर तुम्ही म्हणाल, शिकवून पाठवलंय. म्हणून नको.” त्यांनी रुमालाने मान पुसली. “त्याचा आवाज मला तोंडपाठ आहे. तो सिनेमा मला महिनाभर ऐकायला लावला होता. माझ्या अहवालात काही येणार नाही. पण अहवाल लिहिणारा मी एकटा नाही. उशीर करू नका.”

गाडीत बसताना ते मोठ्याने, हसत, रशियनमध्ये म्हणाले, “भाकरी उत्तम होती!” ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं.

स्वयंपाकघरात मी ते शब्दाला शब्द सांगितलं. आधी रशियनमध्ये, मग सरांसाठी मराठीत.

“सापळा,” सोलोमिया लगेच म्हणाली. “विमानतळावर लोक असतात, परदेशी असतात, कॅमेरे असतात. तिथे हात घालायला त्यांना अवघड जातं. रस्त्यावर रात्री एकटी बाई, कुणाला पत्ता लागणार नाही. ते असंच करतात, एल्दार. तुला माहितेय.”

“काय म्हणती ती?” सरांनी विचारलं. मी सांगितलं.

“न्हाई न्हाई,” सर म्हणाले. “तो माणूस खरं बोलतोय. तिला सांग. माझ्या घरी पानावर बसून जेवलाय तो. टाळ्या त्यानंच वाजवल्या न्हवं? माझी चूक त्यानं झाकली.”

एल्दार ऐकून हसला. पहिल्यांदाच हसताना बघितलं मी त्याला. “आमच्याकडे,” तो म्हणाला, “माझ्या वडलांना न्यायला जे आले, तेही आधी जेवले होते. आईने वाढलं होतं.”

काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या.

“तुम्ही सांगा,” एल्दार मला म्हणाला. “तुम्ही दिवसभर दुसऱ्यांचे आवाज ऐकता, ते स्वतःच्या तोंडात घेता. तो खरं बोलत होता?”

“हो,” मी म्हणाले. “मला तो माणूस आवडत नाही. पण खरं बोलत होता.”

“कशावरून?”

कशावरून ते मला सांगता येईना. तो चालत राहा म्हणाला त्यावरून. का सांगतोय ते त्याने सांगितलं नाही त्यावरून. पण खोटं बोलणारासुद्धा असंच वागला असता, हे मलाही कळत होतं.

एल्दार फोन घेऊन परसात गेला. कडीपत्त्याच्या झाडापाशी उभा राहून तो आपल्या भाषेत बोलत होता. ती भाषा आमच्यातल्या कुणालाच येत नव्हती, मलाही नाही. आम्ही खिडकीतून बघत होतो. तो बराच वेळ बोलला, मग बराच वेळ ऐकत राहिला, मग पुन्हा बोलला. सर ओठ हलवत णमोकार मंत्र म्हणत होते.

तो आत आला. “तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू सांग, तसं करते.”

“मग?”

“विमान,” एल्दार म्हणाला. “मी तिला म्हणालो, त्यांचा माणूस रस्त्याने जा म्हणतोय, मग तू विमानानेच जा.” त्याने खुर्ची ओढली आणि बसला. “मी आयुष्यात त्यांच्यातल्या एकाचंही ऐकलं नाही, म्हणून जिवंत आहे.”

सोलोमियाने त्याच्या डोक्यावर ओठ टेकले. सर मला म्हणाले, “त्याला परत विचार गं, अजून वेळ हाय,” पण मी विचारलं नाही. आपल्या बहिणीबद्दल माणसाने काय ठरवावं हे मिरजेतून मी कोण सांगणार?

सोमवारी दोघं गोव्याला गेली. तिथे पुढचा कार्यक्रम होता. काकूंनी त्यांच्याबरोबर भडंगाची पिशवी दिली.

मी मिरजेतच आईकडे थांबले होते. बुधवारी सकाळी मायक्रोफोनची वायर परत द्यायला सरांकडे गेले. काकू चहा टाकत होत्या. एल्दारचा फोन अजून आला नव्हता, बहीण पोचल्यावर करतो म्हणाला होता. सर म्हणत होते, विमानं लेट होतात, बदलावी लागतात, इस्तंबूलला थांबावं लागतं. घरातला फोन वाजला तसे ते धावले.

“हॅलो? ... यस, यस, मगदूम स्पीकिंग.” मग त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. “रशियन हाय. दुभाषी बाई पाहिजेत म्हणतोय.”

आवाज तरुण होता. फार सभ्य. त्याने वकिलातीचं नाव सांगितलं, माझं नाव बरोबर उच्चारलं.

“आमचे साबिरोव तुमच्याकडे कुणाशी काय बोलले, ते विचारायचं होतं.”

“त्यांनाच विचारा,” मी म्हणाले.

“त्यांना विचारलं. त्यांचं ऐकून झालं. आता तुमचं ऐकायचंय.”

साबिरोव खरं बोलत होते हे मला तिथे, उभ्याउभ्या कळलं. मी रिसीव्हरवर हात ठेवून सरांना सांगितलं. सर एकदम ताठ झाले.

“सांग त्याला,” ते म्हणाले. “म्हणावं, भयंकर घमेंडी माणूस. कुणाशी धड बोलला न्हाई. सिनेमाला नावं ठेवली. जेवला आणि गेला.” सरांच्या तोंडून इतकं सरळ खोटं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

मी ते भाषांतर करून सांगितलं.

“आणि तुम्ही त्यांच्याबरोबर गेटपर्यंत चालत गेलात, तेव्हा?”

“गाडी कुठे आहे ते दाखवायला गेले. भाकरी चांगली होती म्हणाले.”

“हो, तेवढं आम्हाला कळलंय.” कागद उलटल्याचा आवाज आला. “धन्यवाद. एक छोटं काम. तुमच्या ऑपरेटरना निरोप द्या. त्यांची बहीण काल विमानतळावर आमच्या लोकांना भेटली. तब्येत चांगली आहे. भाऊ घरी कधी येतोय म्हणून विचारतेय.”

फोन बंद झाला.

“काय म्हणाला?” सरांनी विचारलं. “काय म्हणाला गं?”

मी त्यांना मराठीत सांगितलं. काकूंनी गॅस बंद केला. सर हळूच खाली बसले, खुर्ची तिथे आहे की नाही हे न बघता, आणि जमिनीवरच बसले.

मग मी गोव्याचा नंबर फिरवला. सांगायचं वाक्य रशियनमध्येच होतं, बदलायला काहीच नव्हतं. पहिल्याच घंटीला एल्दारने फोन उचलला.

“नार्गिज?” तो म्हणाला.